आधी हाताची पाठ

शालिकभाऊ,

मंगळवारी साडेदहा वाजले की माझी नजर अजून दाराकडे जाते. चढताना चांगला पाय आधी, हे मी शिकवलेलं तुम्ही इतकं मनावर घेतलं होतं की माझ्या दवाखान्याच्या दोनच पायऱ्या तुम्ही किल्ला चढल्यासारख्या चढायचात. पंचफुलाबाई बायकोच्या हक्काने तुमच्या उजव्या काखेत हात घालून मागे. आणि आत शिरता शिरता तुमची आरोळी, "आली वं पोरी, तुयी बिघडलेली लाइन." बाकावर बसलेले कंबरदुखीवाले, गुडघेवाले सगळे हसायचे. काल दुसरा मंगळवार गेला. कोणी आरोळी दिली नाही आणि मी साडेदहाची वेळ कोणालाही दिली नाही.

विहारात तुमच्याबद्दल बरंच बोललं गेलं. तुम्ही कुठल्या कुठल्या जंगलातून विजेच्या तारा नेल्या, मुलचेऱ्याकडे तुमची बदली कधी झाली, हे लोकांनी सांगितलं आणि ते खरंच असणार. मला ते माहीत नव्हतं आणि त्यावर मला काही बोलायचंही नाही. मला तुमचा फक्त उजवा हात माहीत होता, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि त्या हातावरून चाललेलं आपलं भांडण. ते भांडण अर्धं राहिलं. शिवाय एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. आज लिहायला बसले आहे ती त्यासाठी.

पहिला दिवस आठवतो का? तुम्हाला लकवा मारून तीन महिने झाले होते. चालायला लागला होतात, बोलणं साफ होतं, उजवा हात मात्र मांडीवर पडलेला असायचा. मी पेटी टेबलावर ठेवली. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, दोन वायरी, वायरींच्या टोकाला चिकटपट्ट्या. मी काही सांगायच्या आत तुम्ही डावा हात पुढे केलात, उलटा केलात आणि बोटांची पाठ पेटीला लावून पाहिलीत.

"काऊन भाऊ, असा उलटा हात काऊन लावता?"

"तळव्यानं धरलं अन् करंट असला तर मूठ बंद होते, बाई. मंग सुटत नाई. पाठीनं लावलं तर हात आपोआप दूर पळते. हेच केलं म्हून जिवंत आहो मी."

मी नागपूरच्या कॉलेजात हे आकृत्यांसकट शिकले होते. हातातले मूठ वळणारे स्नायू मूठ उघडणाऱ्यांपेक्षा जोरदार असतात, करंट लागला की तेच जिंकतात. तुम्ही तेच खांबावर शिकला होतात आणि तुमच्या परीक्षेत नापास झालेला माणूस दुसऱ्यांदा बसत नाही. मी तुम्हाला म्हटलं, भाऊ, माझा धंदाच हा आहे, करंट देऊन स्नायू ओढायचा. फक्त मी पट्ट्या हाताच्या बाहेरच्या बाजूला लावते, म्हणजे मूठ वळायच्या ऐवजी मनगट वर उचललं जाईल.

तुम्ही पंचफुलाबाईंकडे पाहिलंत. "आयकलं? जल्मभर ज्याच्यापासून हात वाचवला, तेच हे पोरगी हाताले चारून राह्यली."

मी कुरखेड्याकडची आहे हे कळल्यावर तर तुम्हाला ऊत आला. माझ्या गावची लाइन तुमच्या हातची होती म्हणे. मी म्हटलं, मग त्या लाइनीबद्दल माझ्या आईला तुमच्याशी बोलायचंच आहे, कारण ती चालू कमी आणि बंद जास्त असायची. तेव्हापासून तुम्ही मला 'बाई' म्हणायचं सोडून 'पोरी' म्हणायला लागलात.

पण पेटी चालू केली, मनगट हळूच वर उठलं, आणि तुमचा चेहरा पडला. दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. माझ्याकडे आलेल्या एका आजीबाईंनी आपला उठणारा हात पाहून पेटीलाच नमस्कार केला होता. तुम्ही हाताकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलंत.

"हे कोन उचलून राह्यलं?"

"मशीन, भाऊ. सध्या."

"मंग माया काय उपेग? मानूस खांबावर चढला तरी वर जाते, अन् पोतं दोरीनं ओढलं तरी वर जाते. मले पोतं नाई व्हायचं. हात नाई हालला तरी चालन. पन हालला तर तो मी हालवला पायजे."

आपलं भांडण ते इथून सुरू झालं. मी हट्टी आहे हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे, पण तुम्ही मला भेटलात तेव्हा मला कळलं की हट्ट काय असतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तोच प्रश्न. हात कोणी उचलला, तू का मी?

मी तुम्हाला समजावलं होतं, आणि आजही एक अक्षर बदलणार नाही. मेंदूतून हाताला हुकूम येतो तशी हातातून मेंदूला खबरही जाते. स्नायू ओढला गेला, सांधा हलला, कातडीला झिणझिण्या आल्या, सगळं वर कळतं. तुमच्या डोक्याच्या डाव्या बाजूचा थोडा भाग रक्त न पोचल्याने गेला. पण त्याच्या शेजारचा भाग जिवंत होता, नुसता गप्प बसला होता. मशीनने हात हलवला की खबर तिथपर्यंत जाते आणि तिथलं काम वाढतं. मेंदूचे फोटो काढून पाहणाऱ्यांना ते दिसतं. आणि त्याच घडीला माणसाने स्वतः हात उचलायचा जोर लावला, तर वरून निघालेला हुकूम आणि खालून आलेली खबर यांची गाठ पडते, तेव्हा मेंदू जास्त शिकतो. म्हणून मी प्रत्येक वेळी 'उचला' म्हणायचे. नुसता करंट घेऊन छताकडे पाहत बसलं तर तेवढं होत नाही. आणि हात पूर्ण येईलच असं वचन मी तुम्हाला दिलं नव्हतं, कोणालाच देत नाही.

तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजे रिटर्न."

मला कळलं नाही. तुम्ही सांगितलंत. इकडून लाइन बंद करून माणूस खांबावर चढतो, आणि तिकडे कोणाच्या तरी मांडवात जनरेटर चालू होतो. घराकडून खांबाकडे, उलट्या बाजूने करंट येतो. तुमचा जोडीदार दामोधर तसा गेला. तुम्ही खाली उभे होतात. त्याचा हात तारेवर मिटलेला तुम्ही पाहिला होता. एवढं बोलून तुम्ही डाव्या हातानेच पट्ट्या काढल्यात आणि पंचफुलाबाईंना म्हणालात, चाल. शुक्रवारी तुम्ही आला नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाही.

मी स्वतःला बरंच बोलून घेतलं तेव्हा. उलट जाणारा करंट म्हणजे माझ्या पुस्तकात आशा होती, तुमच्या आयुष्यात तो दामोधर होता, आणि मी ते न विचारता तुमच्यापुढे मांडलं होतं.

तुम्ही परत आलात ते एक अट घेऊन. "माया हातावर काम करायचं तर लाइनच्या कायद्यानं करायचं. लाइनवरच्या मानसाले सांगतल्याबिगर चालू नाई करायची, बंदबी नाई करायची. अन् ज्यानं बंद केली, त्यानंच सांगायचं. दुसऱ्या कोनाच्या सांगन्यावर भरोसा नाई ठेवायचा. यालेच परमिट म्हंतेत."

मी कबूल केलं. खरं सांगायचं तर तेव्हा मनात हसले होते. पण त्या परमिटामुळेच मला माझी चूक सापडली. त्याआधी महिनाभर मनगट मशीनवर छान उठत होतं आणि मशीन काढलं की मेल्यासारखं पडत होतं. मी पट्ट्यांच्या जागा बदलल्या, जोर कमीजास्त केला, काही उपयोग झाला नाही. परमिटाच्या पहिल्या दिवशी मी सहज तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "चालू करू?" तुम्ही "कर" म्हणालात आणि मी बटण दाबायच्या आधीच खांदा माझ्या हाताखाली मागे सरकला. करंट आला तसा अजून मागे. मी 'उचला' म्हणत होते आणि तुमचं सगळं अंग हात ओढून घेत होतं. नोकरीभर अंगात मुरलेली गोष्ट, करंट लागला की हात दूर. महिनाभर मी तुमच्या मेंदूला 'उचल' शिकवत होते आणि तुम्ही त्याच वेळी त्याला 'पळ' शिकवत होतात.

मी सांगितल्यावर तुम्ही कितीतरी वेळ हसलात. पंचफुलाबाई म्हणाल्या, "घरात मिक्सर लावला तरी असेच सरकतेत."

मग आपण ते खेळ म्हणून केलं, पण दोघांनीही चेष्टा म्हणून केलं नाही. "चालू करू?" "कोन मांगते?" "मी." "लाइनवर कोन?" "शालिक." "कर." आणि मग खांदा जागेवर. पहिले काही दिवस तुमच्या कपाळावर घाम यायचा. करंट येतो आहे हे ठाऊक असताना त्याच्याकडे हात न्यायचा, हे तुमच्यासाठी किती अवघड होतं ते मी त्या घामावरून ओळखलं. बाकावरचे लोकही शिकले. कोणी नवीन मध्येच बोललं तर गुडघेवाल्या काकू दटावायच्या, "थांबा जी, भाऊ लाइनवर आहेत." मी 'बंद केली' म्हटलं की तुम्ही 'पक्की?' विचारायचात, मी 'पक्की' म्हणायचे, तेव्हा कुठे तुम्ही अंग सोडायचात.

हात हळूहळू बदलत होता. बोटं गरम राहायला लागली. पंचफुलाबाईंनी सांगितलं की वंदनेला बसताना तुम्ही डाव्या हाताने उजवा उचलून दोन्ही तळवे जोडता आणि आता तो लगेच गळून पडत नाही. मी वहीत लिहून ठेवायचे. तुम्ही मात्र तिथेच अडलेले. "मशीन काढून उचलला तर खरं."

आता त्या मंगळवारचं सांगते.

दहा मिनिटं मशीनवर काम झालं होतं. तुम्ही चांगले रंगात होतात, खांदा अगदी स्थिर होता. 'उचला' म्हटलं की मनगट येत होतं आणि मला माझ्या बोटांखाली असं वाटलं की करंट पोचायच्या आधीच स्नायू हलतो आहे. केसभर आधी. मला खात्री करायची होती. विचारलं असतं तर तुम्ही सावध झाला असता, सगळा जीव हाताकडे गेला असता, आणि हात आखडला असता. असं मी स्वतःला सांगितलं. पेटी माझ्या बाजूला वळवलेली होती. मी बटण बंद केलं. हिरवा दिवा विझला. आणि मी आधीसारखंच म्हटलं, "उचला."

काही झालं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा तुमचं मनगट मांडीवरच्या उशीवरून दोन बोटं वर आलं, थरथरलं, क्षणभर तसंच राहिलं आणि खाली टेकलं.

मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. तुम्ही हाताकडे पाहिलंत, मग खिडकीकडे, आणि म्हणालात, "आज बरा आहे." मी 'बंद केली' म्हटलं, जणू आत्ताच केली. तुम्ही 'पक्की?' विचारलंत. मी 'पक्की' म्हटलं.

तेव्हाच का नाही सांगितलं? एक तर मी तुमचा कायदा मोडला होता. तुमच्या हाताची संवेदना मंद होती, झिणझिण्या बंद झालेल्या तुम्हाला कळणार नाहीत, हे धरून मी मोडला होता. म्हणजे तुमच्या आजाराचाच फायदा घेतला होता. दुसरं म्हणजे भीती. सांगितलं, आणि पुन्हा उचला म्हटलं, आणि उचललाच नाही, तर तुम्ही म्हणाला असता पोरगी खोटं बोलते. आणि थोडा मोठेपणाही होता माझा, तो कशाला लपवू? मला ते थाटात करायचं होतं. सगळ्यांसमोर पट्ट्या काढून टाकायच्या आणि म्हणायचं, आता सांगा भाऊ, कोणी उचलला? पुढे शुक्रवारी गर्दी होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी तुम्हाला ताप होता म्हणून अर्ध्यातच घरी पाठवलं. मी म्हटलं शुक्रवारी सांगू. गुरुवारी सकाळी तुमच्या घरून फोन आला. ओट्यावर चहाची वाट पाहत बसला होतात आणि तसेच गेलात.

मी आले तेव्हा कोणीतरी तुमचे दोन्ही हात छातीवर ठेवले होते, उजवा वर. मी त्याच्याकडेच पाहत राहिले. तुमच्याकडे मला पाहता आलं नाही. खूप रडले मी, भाऊ, एका पेशंटसाठी रडावं त्याहून जास्त. जे सांगायचं राहिलं होतं ते ज्याला सांगायचं तो निघून गेला होता.

पुण्यानुमोदन झाल्यावर बाकी माणसं जेवायला उठली तेव्हा पंचफुलाबाईंनी मला ओट्यावर बसवलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पांढऱ्या पदराने डोळे टिपले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याईले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"त्या दिसी घरी आल्यावर मले म्हनले, आज लाइन बंद होती. पेटीचा दिवा इझला होता. खिडकीच्या काचात दिसला म्हने."

तीस वर्षं दिवे पाहूनच कामाला हात लावणाऱ्या माणसापासून मी दिवा लपवायला निघाले होते. मी विचारलं, "मंग मले बोलले काऊन नाई?"

"मीबी तेच म्हटलं. तं म्हने, ज्यानं बंद केली त्यानंच सांगाव लागते. पोरगी सांगन. तू मंधात बोलू नोको." त्यांनी ओट्यावर हात टेकवला. "मंग रोज सकाळी अथीच बसून उचलत. कवा उचले, कवा नाई. उचलला का मले हाक मारत, पाय वं, पाय. त्या गुरुवारी चहा ठेवाले आत गेली, तवाबी हाक मारली होती. मी म्हटलं येतो, थांबा."

तुम्ही वाट पाहत होतात की मी सांगेन, आणि मी वाट पाहत होते की चांगला मुहूर्त येईल. दोघांनाही तीच बातमी ठाऊक होती. मला तुमचा रागही आला, खोटं का बोलू? 'आज बरा आहे' एवढंच म्हणून खिडकीकडे पाहत बसलेले तुम्ही, सगळं माहीत असलेले. पण तो कायदा तुमचा होता आणि तुम्ही तो शेवटपर्यंत पाळलात. मोडला मी.

भांडण अजून संपलेलं नाही, हेही सांगून ठेवते. तुम्ही म्हणाल, मी उचलला, मग पेटीचं काय काम? मी म्हणेन, त्याआधीची दहा मिनिटं आणि त्याआधीचे सगळे महिने पेटीने खालून वर खबर पोचवली, म्हणून वरून हुकूम आला. तुम्ही म्हणाल, खबर कोनाची का असंना, हुकूम माया होता. ते मला मान्य आहे. गेली काही वर्षं मी लोकांना सांगत आले की मशीन हात परत आणतं. आता मी तसं सांगत नाही. मशीन मेंदूला हाताची आठवण देतं, उचलायचा तो माणसानेच. हे मी पुस्तकात वाचलं होतं, समजलं तुमच्याकडे पाहून.

माझ्याकडे आता लकव्याचे चार पेशंट आहेत. प्रत्येकाच्या हाताला पट्टी लावायच्या आधी मी विचारते, "चालू करू?" त्यांनी 'कर' म्हटल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. बंद करून पाहायचं असेल तर तसं सांगून बंद करते. हात आखडला तर आखडू दे, पुन्हा करू. परवा एका नव्या बाईंनी विचारलं की हे विचारणं कशासाठी. मी उत्तर द्यायच्या आत गुडघेवाल्या काकूंनीच सांगितलं, "हा भाऊंचा कायदा आहे."

आणि तुमची साडेदहाची वेळ पुढच्या मंगळवारपासून त्या नव्या बाईंना देते आहे. त्यांचा डावा हात आहे. रिकामी ठेवली असती तर तुम्हीच रागावला असता.

पंचफुलाबाईंनी मला त्या दिवशी निघताना विचारलं की तुम्हाला आधीच ठाऊक होतं, तर आता मनाला का लावून घेते. लावून घेत नाही. पण तुम्हाला ठाऊक असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं, हे तुम्हीच शिकवलं. लाइन बंद आहे असं माणसाने ओळखलं म्हणून परमिट पूर्ण होत नाही. तेव्हा उशीर झाला तरी रीतसर सांगते.

शालिकभाऊ, त्या मंगळवारी लाइन बंद होती. मी बंद केली होती. पक्की. हात तुम्ही उचलला.